म्हाताऱ्या ट्रकचं नवं डिझेल

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या गल्ल्या नंबरांनी ओळखल्या जातात. पहिली गल्ली, पाचवी गल्ली, बारावी गल्ली... नंबर सांगितला की पाहुणा बरोबर घरी पोहोचतो! डिझेलचंही थोडंसं तसंच आहे, बरं का. दिसायला सगळं सारखंच. पण नंबर बदलला की डिझेलही बदलतं. राजारामपुरीच्या शेजारीच उद्यमनगर आहे. यंत्रांशी झटापट करणाऱ्या मिस्त्रींचा हा भाग. जुन्या गाड्यांवर हात चालवलेल्या एखाद्या मिस्त्रीकाकांना विचारून बघा. ते म्हणतील, “पूर्वीचं डिझेल तेलकट होतं. आताचं कोरडं!”

डिझेल म्हणजे पातळ पदार्थ. तो कोरडा कसा असेल? काकांचं काही चुकतंय का? चला, शोधून काढू या.

दहा किलोचे झाले दहा ग्रॅम

जमिनीतून निघणाऱ्या खनिज तेलात गंधक असतं. तेच डिझेलात उतरतं. ट्रकमध्ये डिझेल जळलं की गंधकाचा वायू होतो, धुराचे सूक्ष्म कण वाढतात आणि ते आपल्या छातीत जातात. म्हणून सरकारने गंधकाची मर्यादा पायरीपायरीने खाली आणली.

समजा, आपल्याकडे एक टन, म्हणजे १००० किलो डिझेल आहे. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्यात १० किलोपर्यंत गंधक चालत असे. २००० साली ही मर्यादा देशभर अडीच किलोवर आली. २००५ मध्ये ५०० ग्रॅम, २०१० मध्ये ३५० ग्रॅम, २०१७ मध्ये ५० ग्रॅम आणि १ एप्रिल २०२० पासून फक्त १० ग्रॅम! म्हणजे हजारपट कमी. पेट्रोल पंपावर ‘बीएस-६’ अशी पाटी दिसते ना, ती या शेवटच्या पायरीची. ‘बीएस’ म्हणजे भारत स्टेज. गंमत म्हणजे आपण चौथ्या पायरीवरून थेट सहाव्या पायरीवर उडी मारली. पाचवी गाळलीच!

मग तक्रार कसली?

त्यासाठी इंजिनाच्या पोटात डोकवायला हवं. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडायला स्पार्क प्लग असतो. डिझेलच्या इंजिनात तो नसतोच. तिथे हवा इतकी दाबतात, की ती दाबानेच तापते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडला की ते आपोआप पेट घेतं. हा फवारा सोडण्यासाठी डिझेलला जोर देतो तो पंप.

या पंपातले दट्टे इतके घट्ट बसवलेले असतात, की मधली फट दोन-चार मायक्रॉनच असते. आपला एक केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. आता विचार करा! एवढ्याशा फटीत ग्रीस कुठून घालणार? तिथे वंगणाचं कामही डिझेलच करतं. म्हणजे डिझेल नुसतं जळत नाही, जळण्याआधी पंपाला तेलपाणीही करतं.

एक प्रयोग करा. हात साबणाने स्वच्छ धुऊन, पुसून एकमेकांवर जोरात घासा. मग खोबरेल तेलाचा एक थेंब घेऊन पुन्हा घासा. फरक कळला? पंपालाही तो असाच कळतो.

रिफायनरीत गंधक काढण्यासाठी डिझेलवर हायड्रोजन वायूची प्रक्रिया करतात. त्यात गंधक जातं. पण धातूला चिकटून त्याचं रक्षण करणारे काही नैसर्गिक घटकही जातात. म्हणजे वंगण करणारं गंधक नव्हे. ते बिचारे घटक गंधकाबरोबर फुकट गेले! स्वीडनमध्ये १९९० नंतर अगदी कमी गंधकाचं डिझेल आलं, तेव्हा तिथले पंप भराभर झिजू लागले. अमेरिकेत १९९३ मध्ये नवं डिझेल आल्यावर जुन्या पंपांची रबरी सीलं आकसली आणि गळती सुरू झाली.

मिस्त्रीकाकांचं म्हणणं अगदीच वेडगळ नव्हतं तर!

कोरड्यावर उपाय

पण गोष्ट इथे संपत नाही. आता अशा डिझेलात वंगणाचं औषध अगदी थोड्या प्रमाणात मिसळतात. त्याची परीक्षाही असते. ६० अंश तापलेल्या डिझेलात पोलादाची छोटी गोळी पोलादाच्याच चकतीवर ७५ मिनिटं घासतात. मग गोळीवरचा झिजेचा डाग मोजतात. भारतीय मानकाप्रमाणे तो ४६० मायक्रॉनपेक्षा, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असावा लागतो. शिवाय नवं डिझेल लवकर पेट घेतं. हा गुण ज्या आकड्याने मोजतात तो ‘सीटेन’. तो किमान ४८ होता, तो ५१ केला गेला. लिटरमागे ताकद मात्र जेमतेम एखाद्या टक्क्याने कमी भरते.

म्हणजे जुना ट्रक नव्या डिझेलवर खुशाल चालतो. जुनी सीलं बदलायची आणि फिल्टर वेळेवर बदलायचा, एवढंच. उलट मात्र चालत नाही! नव्या बीएस-६ ट्रकच्या धुराड्यात धूर गाळणारी नाजूक यंत्रणा असते. जास्त गंधकाचं डिझेल तिला विषासारखं. म्हातारा नव्या ताटात जेवू शकतो. पण तरुणाला जुनं ताट सोसत नाही.

खरा शत्रू कोण?

जुन्या ट्रकचा खरा शत्रू आहे भेसळ. डिझेलात रॉकेल मिसळलं, की ते आणखी पातळ होतं, वंगण घटतं आणि पंप झिजतो. रेशनच्या रॉकेलला निळा रंग दिला गेला, तो अशी चोरी ओळखू यावी म्हणूनच. ही चोरी किती भयंकर थराला जाते, पाहा. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ इंधनाची भेसळ पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आलं. चार पैसे वाचवणाऱ्या भेसळीमागे असे लोक उभे असतात, हे विसरू नका.

आणि भुर्दंड कोणाला? ज्याचं घर एका जुन्या ट्रकवर चालतं, त्याला. माल भरून आंबा घाट चढताना पंपाने दगा दिला, तर त्या फेरीची कमाई दुरुस्तीतच जाते.

जाता जाता एक गंमत. पंपावरच्या डिझेलचं पूर्ण नाव ‘हायस्पीड डिझेल’. पण ते भरून ट्रक वेगाने पळत नाही हं! मिनिटाला ७५० पेक्षा जास्त फेरे घेणाऱ्या इंजिनांसाठीचं, एवढाच त्याचा अर्थ. त्याहून सावकाश फिरणाऱ्या इंजिनांसाठी ‘लाइट डिझेल ऑइल’ असतं. ते ट्रकसाठी नाही.

आता जनता बझार चौकात उभे राहाल तेव्हा ट्रकचा धूर लांबूनच बघा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. नोझल किंवा एअर फिल्टर तपासायला हवा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत असेल, तर बऱ्याचदा डिझेल न जळताच बाहेर पडतंय. डिझेल कितीही स्वच्छ असो, नोझल खराब असेल तर काळा धूर येणारच. रिफायनरीने आपलं काम केलं. उरलेलं काम मिस्त्रीकाकांच्या पान्याचं!