घर मालकीचें कीं पट्ट्याचें?



जुन्नर आणि आंबेगांव या तालुक्यांना जमिनीच्या हक्काचा विचार नवा नाहीं. मराठेशाहींत पुणें प्रांतांतील गांवोगांव दोन प्रकारचे शेतकरी असत. एक मिरासदार व दुसरा उपरी. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. ती त्याला विकतां येई, गहाण टाकतां येई. उपरी हा मुदतीच्या बोलीवर जमीन कसावयाचा; मुदत सरली कीं पुढचें सारें दुसऱ्याच्या मर्जीवर. दोघांचें पीक एकाच पावसावर येई. फरक दिसे तो अडचणीच्या आणि वांटणीच्या वेळीं. आज घर विकत घेणाऱ्या गृहस्थापुढें हाच प्रश्न निराळ्या नांवानें उभा आहे.

या भागांतील पुष्कळ कुटुंबें मुंबई व नवी मुंबई येथें नोकरी-व्यापारास आहेत. आयुष्याची पुंजी वाशी-नेरूळच्या सदनिकेंत घालावी, कीं नारायणगांव-मंचरकडे परत येऊन घर बांधावें, हा विचार घरोघर चालतो. भाव आणि सोयी सर्वच पाहतात. हक्काचा प्रकार मात्र बहुधा शेवटीं पाहिला जातो. तो प्रथम पाहावयास हवा.

मालकी म्हणजे काय हें सांगावयास नको. पट्टा म्हणजे काय हें मात्र नीट समजून घेतलें पाहिजे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणें पट्टा हा ठराविक काळ उपभोग घेण्याचा हक्क आहे. मालकी मूळ मालकाकडेच राहते. एक वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा नोंदणीकृत दस्तानेंच होतो. दस्तांत मनाई नसेल तर पट्टेदारास आपला हक्क दुसऱ्यास देतां येतो. पण मुदत संपतांच जागा मालकाच्या ताब्यांत द्यावी लागते. आपण उभारलेलें बांधकाम काढून नेण्याची मुभा कायदा देतो खरा; परंतु चार मजली इमारत कोण उचलून नेणार? भाडें थकल्यामुळें पट्टा रद्द होण्याची वेळ आली तर थकबाकी, व्याज व खर्च भरणाऱ्यास न्यायालय सवलत देऊं शकतें. ही सवलत मोठी आहे. पण तिच्यावर भिस्त ठेवून घर घेऊं नये.

नवी मुंबईचें उदाहरण घेऊं. १९७० सालीं स्थापन झालेल्या सिडको महामंडळानें तेथील भूखंड ६० वर्षांच्या पट्ट्यानें दिले. समजा, एका इमारतीचा पट्टा १९८६ सालीं झाला. त्याची मुदत २०४६ सालीं संपते. २०२६ सालीं तेथें सदनिका घेणाऱ्याच्या वांट्यास २० वर्षें येतात. साठीच्या गृहस्थाला तीं पुरेशीं वाटतील. परंतु त्याच्या मुलाला? भिंती त्याच, खिडकींतून दिसणारा रस्ताहि तोच. तरी दर वर्षीं हक्काचें एक एक वर्ष झिजत असतें. म्हणून मुदत वाढवून मिळण्याचें कलम दस्तांत आहे काय, वाढीची रक्कम कशी ठरणार, घर विकतांना परवानगी व हस्तांतरण शुल्क लागतें काय, आणि मालकी हक्कांत रूपांतर झालें आहे काय, हे चार प्रश्न विचारल्यावांचून विसार देऊं नये. कर्ज देणारी बँकहि उरलेलीं वर्षें मोजते.

याचा अर्थ पट्टा सर्वथा त्याज्य असा नव्हे. मुदत लांब, भाडें अल्प आणि नूतनीकरणाच्या अटी स्पष्ट असतील, तर पट्ट्याचें घर स्वस्तहि पडतें आणि सुखाचेंहि होतें. गोत्यांत येतो तो किंमत मालकीची देऊन हक्क मुदतीचा घेणारा.

आतां आपल्या तालुक्यांकडे वळूं. येथें मालकी आणि पट्टा यांच्यामध्यें एक तिसरी पायरी आहे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनें जमीन धारण करणाऱ्यांचे तीन वर्ग केले आहेत. भोगवटादार वर्ग १ याचा हक्क कायमचा व हस्तांतरणास मोकळा. वर्ग २ याचाहि हक्क कायमचा, पण हस्तांतरणावर निर्बंध. तिसरा शासकीय पट्टेदार. सामान्य माणूस "पट्टा नाहीं ना, मग मालकीच!" असें समजून वर्ग २ ची जमीन घेतो आणि फसतो.

ही वर्ग २ ची जमीन कोठून येते? १९५८ च्या कायद्यानें कनिष्ठ गांवकामगारांचीं वतनें नष्ट झालीं व जमिनी नव्या शर्तीनें परत दिल्या गेल्या, ही एक वाट. पुनर्वसन ही दुसरी. आंबेगांव तालुक्याला ज्या गांवाचें नांव आहे तें जुनें गांवच डिंभे धरणाच्या पाण्याखालीं गेलें. तालुक्याचें ठाणें घोडेगांवीं आहे. धरणग्रस्तांना मिळालेल्या जमिनी सामान्यतः अशाच निर्बंधानें दिल्या जातात. ज्यानें एकदां घर गमावलें त्याची जमीन पुन्हा सहजीं हातची जाऊं नये, हा त्या निर्बंधाचा हेतु आहे.

दोन्ही तालुक्यांच्या पश्चिम भागांत आदिवासी बांधवांची वस्ती मोठी. त्यांची जमीन बिगर-आदिवासीस घेतां येत नाहीं हें बहुतेकांस ठाऊक असतें. मग कोणी मध्यस्थ सांगतो, "खरेदी होत नसेल तर ९९ वर्षांचा पट्टा करून घ्या." हा सल्ला घातक आहे. संहितेच्या कलम ३६-अ मध्यें विक्री, देणगी, अदलाबदल व गहाण यांबरोबर पट्टाहि स्पष्ट नमूद आहे. पांच वर्षांपर्यंतच्या पट्ट्यासहि जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते; त्याहून अधिक मुदतीस शासनाची पूर्वमान्यता लागते. तसेंच १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणें जो शेतकरी नाहीं त्यास शेतजमीन परवानगीवांचून विकत घेतां येत नाहीं, आणि पट्ट्यानेंहि घेतां येत नाहीं. जेथें विकत घेण्यास मनाई आहे, तेथें पट्टा ही पळवाट नव्हे.

मग पाहावें काय? सातबाऱ्यावर भूधारणा पद्धति व इतर अधिकार हे रकाने वाचावे. तेथपर्यंतचे फेरफार मागवावे. तलाठ्याकडील गांव नमुना १-क मध्यें वर्ग २ च्या जमिनींची नोंद असते. नगर भूमापन झालेल्या जागेस मिळकत पत्रिका असते. तिच्यावरील सत्ता प्रकार पाहावा. गांवठाणांतील घरांसाठीं २०२० पासून स्वामित्व योजनेखालीं अशा पत्रिका देण्याचें काम सुरू झालें. २०१९ च्या नियमांनीं वर्ग २ च्या व पट्ट्याच्या कांहीं शासकीय जमिनी रक्कम भरून वर्ग १ करण्याची वाट काढून दिली. पण ती रक्कम विकणारा भरणार कीं घेणारा, हें सौद्यांतच लिहून घ्यावें. आणि हे सर्व कागद, पट्टा असेल तर त्याच्या मूळ दस्तासह, विसार देण्यापूर्वीं आपल्या स्वतःच्या वकिलाला दाखवावे, विकणाऱ्याच्या नव्हे.

घर पाहतांना आपण भिंतीवर हात मारून बांधकाम पारखतों, विहिरीचें पाणी चाखून पाहतों. तितक्याच चिकाटीनें हक्काचा कागदहि वाचावा. भिंत खचली तर डागडुजी करतां येते. हक्कच मुदतीचा वा सदोष असेल, तर तो दोष बहुधा मुलांच्या हातीं घर जातांना उघडकीस येतो आणि तेव्हां तो निस्तरण्याचा भार त्यांच्यावर पडतो.