आडवी बाटली: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. शेजारच्या चंद्रपुरात ती 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठली. बंदी असावी की नसावी या वादात माणसांच्या आरोग्याचा प्रश्न मागे पडतो, म्हणून काही समजुती तपासून पाहू.

गैरसमज: बंदी असली तरी लोक पितातच, मग उपयोग काय?
वस्तुस्थिती: काही जण पितातच, पण पिण्याचे प्रमाण घटते. बिहारमध्ये एप्रिल 2016 पासून बंदी आहे. 2024 मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाचा अंदाज असा: या बंदीमुळे रोज किंवा दर आठवड्याला पिणारे सुमारे 24 लाखांनी कमी झाले आणि जोडीदाराकडून होणाऱ्या हिंसाचाराची 21 लाख प्रकरणे टळली. तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बिहारचे 15 वर्षांवरील 15.5 टक्के पुरुष दारू पिणारे आढळले. बंदीने दारू संपत नाही, तिचे नुकसान कमी होते.

गैरसमज: विषारी दारूचे बळी बंदीमुळेच जातात.
वस्तुस्थिती: बिहारमध्ये सारण जिल्ह्यात 2022 मध्ये अनेकांचा जीव गेला, हे खरे. पण मुंबईत दारूची परवानाधारक दुकाने असतानाही 2015 मध्ये मालवणीत शंभराहून अधिक माणसे दगावली. जीव घेते ते चोरट्या दारूतले मिथेनॉल. बंदी असो वा नसो, हातभट्ट्या आणि मिथेनॉलची चोरटी विक्री रोखावीच लागते. दारू प्यायल्यावर अंधूक दिसू लागले, पोट दुखले, उलट्या झाल्या, तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे.

गैरसमज: दुकान बंद झाले की व्यसन आपोआप सुटते.
वस्तुस्थिती: वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली, तर हात थरथरतात, झटके येतात, भास होतात, वेळेत उपचार न मिळाल्यास जीवही जाऊ शकतो. देशपातळीवरील 2019 च्या सर्वेक्षणानुसार दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांपैकी एकालाच उपचार मिळतात. गडचिरोलीत 2016 पासून ‘मुक्तिपथ’ अभियानाने गावसंघटना, अंमलबजावणी आणि व्यसनोपचार यांची सांगड घातली, ती याच कारणाने.

गैरसमज: दुकान बंद करणे गावाच्या हातात नाही.
वस्तुस्थिती: महाराष्ट्रात 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केली, तर गुप्त मतदान घेता येते. मात्र एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते ‘आडव्या बाटली’ला, म्हणजे दुकान बंद करण्याच्या चिन्हाला, पडावी लागतात. म्हणजे घरी बसलेल्या बाईचे मत दुकानाच्याच पथ्यावर पडते.

बंदी ही सुरुवात आहे. तिच्या जोडीला कडक अंमलबजावणी आणि तालुक्याच्या ठिकाणी व्यसनोपचाराची सोय हवीच. आपल्या गावात मतदान ठरले, तर घरातल्या प्रत्येक बाईने केंद्रावर जावे, आणि आडव्या बाटलीचा निकाल लागला, तर ग्रामसभेत उपचार केंद्राचीही मागणी करावी.