कापसाचा चेक कुणाच्या नावाचा?

२०२४ च्या दिवाळीच्या तोंडावर माझ्या खात्यात दहा हजार रुपये जमा झाले. मी पुण्यात हिशेबनिशी करून जन्म काढलेला माणूस. पण यवतमाळ जिल्ह्यातली वडिलोपार्जित पाच एकर जमीन सातबाऱ्यावर माझ्या नावाची. २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीन उत्पादकांना राज्य सरकारने हेक्टरी पाच हजार रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, जाहीर केले होते. ते हे पैसे. सौभाग्यवतींनी लगोलग पडद्यांचे कापड आणले!

चार दिवसांनी गावाहून बटाईदाराचा फोन आला.

"काका, कापसाचे पैसे आले म्हन्ते. माह्या खात्यात तं काही दिसत नाही."

"बघतो हं," म्हणून मी पाऊसपाण्याची चौकशी सुरू केली.

पुढच्या वर्षी आम्ही अमेरिकेत मुलीकडे गेलो. एका रविवारी जावईबापूंनी मोटारीने मिसिसिपी राज्यातल्या सनफ्लॉवर परगण्यात नेले. सपाट गाळाची जमीन, नजर पोचेल तिथवर शेते. मला वऱ्हाडच आठवले! रूलव्हिल गावी फॅनी लू हेमर या बाईंचा पुतळा पाहिला, आणि त्यांची हकीकत ऐकता ऐकता कापसाचीही ऐकली.

१९३३ साली कापसाचे भाव कोसळले होते. भाव चढावा म्हणून अमेरिकन सरकारने शेतकऱ्यांना पैसे देऊन सुमारे एक कोटी एकरांवरचा उभा कापूस नांगरून टाकायला लावला. चेक गेले जमीनमालकांकडे. बटाईदाराचा वाटा मालकाने द्यायचा. पण अनेकांनी तो जुन्या उधारीत वळता करून घेतला. पेरा घटला तशी माणसेही नकोशी झाली. कित्येक कुटुंबांना खोपटे सोडावी लागली. १९३४ मध्ये शेजारच्या आर्कान्सा राज्यात बटाईदारांनी आपली संघटना काढली, ती याच अन्यायापायी.

हेमरबाई अशाच बटाईदाराच्या वीस मुलांतल्या शेंडेफळ. सहाव्या वर्षापासून कापूस वेचीत होत्या. १९६२ मध्ये मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्या, म्हणून मालकाने त्यांना मळ्यावरून घालवून दिले. त्याच परगण्यात सिनेटर जेम्स ईस्टलंड यांचा हजारो एकरांचा मळा होता. १९६७ या एका वर्षात त्यांना सरकारकडून दीड लाख डॉलरांहून अधिक शेतीमदत मिळाली! पुढे १९७० च्या कायद्याने एका पिकासाठी माणशी पंचावन्न हजार डॉलरांची मर्यादा घातली. तेव्हा मोठमोठ्या मळ्यांच्या कागदोपत्री वाटण्या झाल्या आणि चेक वेगवेगळ्या नावांनी येऊ लागले.

"केवढा अन्याय हा!" परतताना मी म्हणालो.

मागच्या बाकावरून सौभाग्यवती हळूच म्हणाल्या, "आपल्या पडद्यांचे पैसे कुणाचे हो?"

वाचकहो, उरलेल्या वाटेत मी गप्पच होतो.

मायदेशी आल्यावर गावी गेलो आणि बटाईदाराच्या हाती दहा हजार रुपये ठेवले. त्याने मोजून निम्मे परत केले.

"बी-खत अर्धं तुमचं होतं, काका. माहे अर्धेच."

मग जरा थांबून म्हणाला, "एक कागद करून द्या ना. जमीन मी वाहतो, येवढंच लिहा. पीककर्जाले कामी येईल."

मी पुन्हा "बघतो हं" म्हणालो. कागद केला तर कुळाचे नाव लागेल, ही वडिलांच्या वेळची धास्ती माझ्याही मनात आहे. पाच हजार रुपये देणे सोपे गेले. तो कागद मात्र अजून लिहिलेला नाही. या दिवाळीच्या आत लिहावा, असे घरातून रोज सांगणे आहे.