ख्रिसमस निवडुंग
(लॅ. श्लंबर्जेरा ट्रंकॅटा, श्लं. बक्लेयी, कुल-कॅक्टेसी). हिवाळ्यात फुलणारी ही शोभिवंत, मांसल, बहुवर्षायू ओषधी यूरोप व अमेरिकेत घरोघरी कुंडीत लावतात. ती निवडुंगाच्या कुलातील असली, तरी वाळवंटी वनस्पती नव्हे. तिचे मूलस्थान ब्राझीलच्या आग्नेय किनाऱ्यालगतचे, रीओ दे जानेरोजवळचे धुक्याने ओले राहणारे डोंगर असून तेथील दाट जंगलात ती झाडांच्या फांद्यांवर व खडकांच्या भेगांत साचलेल्या कुजक्या पाचोळ्यात वाढते. खोड चपट्या, हिरव्या, पानांसारख्या कांड्यांचे बनलेले असते. खरी पाने नसतात. फुले कांड्यांच्या टोकांस येतात व गुंजन पक्ष्यांकडून त्यांचे परागण होते.

श्लं. ट्रंकॅटाच्या कांड्यांच्या कडांवर टोकदार दाते असतात, फुले आडवी व परागकोश पिवळे असतात. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास विल्यम बक्ली यांनी तिचा श्लं. रसेलियाना या जातीशी संकर केला; त्या संकरजाचे, म्हणजे श्लं. बक्लेयीचे, दाते बोथट व फुले लोंबती असतात आणि बहर सु. महिनाभर उशिरा येतो. बाजारात ‘ख्रिसमस निवडुंग’ म्हणून विकली जाणारी बहुतेक रोपे पहिल्या गटातील असतात. ब्राझीलमध्ये मात्र हिला ‘मे महिन्याचे फूल’ या अर्थाच्या नावाने ओळखतात. दक्षिण गोलार्धात त्या सुमारास रात्री मोठ्या होत जातात.

हिच्या लागवडीचे रहस्य या नावातच आहे. फुले न आल्यास खत वाढविण्याकडे सामान्यतः कल असतो, परंतु कळ्या धरणे हे मुख्यतः रात्रीची लांबी व तापमान यांवर अवलंबून असते. सु. १५°–२०° से. तापमानात रोज १२ तासांहून अधिक सलग अंधार तीन-चार आठवडे मिळाला म्हणजे कळ्यांचा आरंभ होतो. १०°–१५° से. इतक्या थंडाव्यात दिवस मोठा असला तरी कळ्या येतात. उलट रात्री सु. २४° से. पेक्षा उबदार असल्यास रात्र कितीही मोठी असूनही कळ्या क्वचितच धरतात. मध्यरात्री थोडा वेळ लावलेला दिवा लांब रात्रीचे दोन तुकडे करतो. बैठकीच्या खोलीत वर्षानुवर्षे हिरवेगार राहून एकदाही न फुललेल्या रोपाची तक्रार पुष्कळदा येथेच उगम पावते. अशी कुंडी संध्याकाळपासून सकाळपर्यंत न वापरल्या जाणाऱ्या खोलीत किंवा खोक्याखाली ठेवावी. दिवसा मात्र तिला भरपूर उजेड हवा. कळ्या दिसू लागल्यावर अंधाराची गरज उरत नाही. मुंबईच्या अक्षांशावर डिसेंबरातही रात्र सु. १३ तासांचीच असते आणि ऑक्टोबरातील रात्री उष्ण असतात, त्यामुळे तेथे बहर येणे कठीण जाते. महाबळेश्वरसारख्या थंड ठिकाणी ही अडचण कमी असते.

कळ्या फक्त पक्व कांड्यांच्या टोकांवर येत असल्याने व्यावसायिक उत्पादक अंधाराच्या काळापूर्वी अगदी कोवळ्या कांड्या खुडून टाकतात व त्यामुळे सर्व फांद्या एकदम फुलतात. या सुमारास नायट्रोजनयुक्त खत बंद करतात व पाणी कमी करतात, पण माती पूर्ण सुकू देत नाहीत. कळ्या आल्यानंतर त्या गळणे हा दुसरा नेहमीचा दोष होय. कुंडी हलविणे, उष्ण वा थंड वाऱ्याचा झोत, माती सुकणे अथवा चिखल होणे ही त्याची कारणे. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या एथिलीन वायूनेही कळ्या गळतात. पांढऱ्या व पिवळ्या फुलांच्या प्रकारांत कळ्या वाढताना तापमान सु. १४° से. खाली गेल्यास पाकळ्यांवर गुलाबी छटा येते. हा रोग नव्हे.

माती भुसभुशीत, पालापाचोळ्याच्या खताची व उत्तम निचऱ्याची असावी. निवडुंग म्हणून केवळ वाळूत लावल्यास रोप खुरटते आणि सतत ओल राहिल्यास मुळे कुजतात. उन्हाळ्यात विरळ सावली लागते. कडक उन्हात कांड्या लालसर होतात. बहर संपल्यावर कुंडी बदलतात. अभिवृद्धी दोन-तीन कांड्यांचा तुकडा पिळून तोडून करतात; तो एक-दोन दिवस सावलीत ठेवून जखम सुकल्यावर ओलसर मिश्रणात उभा खोचला असता काही आठवड्यांत मुळे धरतो.