अॅम्प्लिफायरची किंमत आणि कानाची साक्ष

घरांत बसून उत्तम संगीत ऐकावें, आणि तें गायकानें जसें उत्पन्न केलें तसेंच ऐकावें, ही हौस कांहीं वाईट नव्हे. परंतु या हौसेच्या मागें लागलेल्या मंडळींत एक वाद निदान अर्धशतकापासून चालू आहे, आणि त्याची झळ अलीकडे आपल्या घरांतील सामाईक तिजोरीसही लागूं लागली आहे. चाळीस हजारांचा अॅम्प्लिफायर आणि चार लाखांचा अॅम्प्लिफायर यांच्या किंमतींत जेवढें अंतर, त्याच्या दशांशानें तरी अंतर त्यांच्या आवाजांत असतें काय, हा तो वाद. एका पक्षाचें म्हणणें, ज्याला कान आहेत त्याला तें पहिल्या आलापांतच कळतें. दुसऱ्याचें म्हणणें, तें कानाला नव्हे, डोळ्याला कळतें. दोन्ही पक्षांत शिकलेले, सभ्य आणि संगीतावर खरें प्रेम करणारे लोक आहेत. म्हणून हा वाद थट्टेवारी नेण्यासारखा नाहीं.

अॅम्प्लिफायरचें काम सांगावयास सोपें आहे. तबकडीवरून किंवा संगणकांतून आलेला विजेचा क्षीण संकेत, त्याचा आकार न बदलतां, स्पीकरचा पडदा हालवूं शकेल इतका बलवान करावयाचा. आकारांत जो फरक पडेल ती विकृति. ही विकृति कमी करण्याची युक्ति अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेचे हॅरोल्ड ब्लॅक यांना ऑगस्ट १९२७ मध्यें कामावर जातांना हडसन नदीच्या नावेंत सुचली, आणि ती त्यांनीं हातांतील वर्तमानपत्राच्या पानावरच टिपून ठेविली. बाहेर पडणाऱ्या संकेताचा थोडा अंश उलटा करून आरंभीं परत आणावयाचा, म्हणजे यंत्र आपली चूक आपणच खोडून काढतें. हुशार मुलगा गणिताचा ताळा घेऊन उत्तर सुधारतो त्यांतलाच प्रकार. याच युक्तीच्या जोरावर इंग्लंडांत विल्यमसन यांनीं १९४७ मध्यें व्हॉल्व्हचा असा अॅम्प्लिफायर प्रसिद्ध केला कीं, पंधरा वॅट शक्ति देतांनाही त्याची विकृति हजारांत एका भागाच्या आसपासच राही. आज मध्यम किंमतीचें सुरचित यंत्रही या मर्यादेच्या पुष्कळ आंत असतें.

मग वाद उरतो कोठें? तो उरतो प्रमाणाच्या प्रश्नांत. आपल्या नैयायिकांनीं प्रत्यक्षास प्रमाण मानलें खरें, पण तें अव्यभिचारी असावें अशी अट घालून. अंधारांत दोरीच्या जागीं दिसलेला सापही प्रत्यक्षच असतो. चकचकीत पुढच्या पाटीचें, दोघांनीं उचलावयाचें यंत्र समोर दिसत असतां कानानें दिलेली साक्ष एकट्या कानाचीच आहे असें कोणीं म्हणावें? म्हणून विलायतेंत डोळे झाकून परीक्षा घेण्याची पद्धति निघाली. १९७८ मध्यें जेम्स मॉयर यांनीं क्वाड कंपनीचे तीन पिढ्यांचे तीन अॅम्प्लिफायर, एक व्हॉल्व्हचा आणि दोन ट्रॅन्झिस्टरचे, जाणत्या श्रोत्यांपुढें पडद्याआड वाजविले. वाजणारें यंत्र कोणतें हें ओळखण्यांत श्रोत्यांचीं उत्तरें नाणेफेकीहून सरस ठरलीं नाहींत. पुढें जानेवारी १९८७ मध्यें अमेरिकेच्या ‘स्टीरिओ रिव्ह्यू’ मासिकानें अशीच परीक्षा छापली. तींत एका टोकाला सुमारें २२० डॉलरचा रिसीव्हर होता, तर दुसऱ्या टोकाला १२,००० डॉलरची व्हॉल्व्ह-यंत्रांची जोडी. यंत्रांच्या अभिमान्यांनाही तीं ओळखतां आलीं नाहींत.

पूर्वपक्षाचें उत्तरही ऐकलें पाहिजे. ते म्हणतात, परीक्षेच्या दडपणाखालीं कान बिचकतो. यंत्राचा स्वभाव महिनाभराच्या सहवासानें कळतो. आणि ओळखतां आलें नाहीं एवढ्यावरून भेद नाहींच असें सिद्ध होत नाहीं, हें तर्कशास्त्रदृष्ट्या निर्दोष आहे. शिवाय भेद कधीं कधीं खरोखरच असतो. १९८५ मध्यें बॉब कार्व्हर या अमेरिकन रचनाकारानें ‘स्टीरिओफाइल’ मासिकाच्या परीक्षकांना आव्हान दिलें कीं, तुम्ही सांगाल त्या महाग अॅम्प्लिफायरचा आवाज मी माझ्या स्वस्त ट्रॅन्झिस्टर-यंत्रांत आणून दाखवितों. त्यानें थोड्याच दिवसांत, तेथल्या तेथें बसून, आपल्या यंत्रांत फेरफार करून तें इतकें जुळविलें कीं परीक्षकांनाही तीं वेगळीं काढतां येईनात. या प्रयोगाचा अर्थ दोन्ही पक्ष आपापल्या सोयीचा घेतात. आमच्या मतें त्याचा अर्थ असा कीं, आवाजांतील भेदाला नांव आहे, कारण आहे, तो मोजतां येतो. आणि तें कारण म्हणजे किंमत नव्हे.

हीं कारणें मुख्यतः दोन. पहिलें आपल्याकडील श्रोत्यास चटकन समजेल. कांहीं व्हॉल्व्ह-अॅम्प्लिफायर मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट कंपनसंख्येचा, म्हणजे वरच्या सप्तकांतील तोच स्वर, अल्प प्रमाणांत मिसळतात. षड्जाला तारषड्जाचा स्पर्श झाला कीं तो भरदार वाटणारच. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालीं दोरा सरकवून जवारी काढतो, तींत असेच वरचे स्वर जागे होतात. म्हणून ज्यांना व्हॉल्व्हचा आवाज गोड लागतो त्यांचे कान खोटे बोलत नाहींत. परंतु तंबोऱ्याची जवारी गवयानें आपल्या गळ्यासाठीं लावून घेतलेली असते. अॅम्प्लिफायरची जवारी गाणें, सारंगी, तबला, बातम्या सर्वांना सरसकट लागते. आणि अनेक स्वर एकदम वाजूं लागले म्हणजे हीच विकृति त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे असे नाद उत्पन्न करते कीं, ज्यांचा रागाशीं कांहीं संबंध नसतो.

दुसरें कारण स्पीकरशीं जुळण्याचें. पेटीवर आठ ओहम लिहिलें असलें तरी स्पीकरचा अवरोध एका स्वरास चार, तर दुसऱ्यास वीस ओहम असूं शकतो. अॅम्प्लिफायरचा स्वतःचा अंतर्गत अवरोध दोन ओहम असला, तर या दोन स्वरांच्या पातळींत सुमारें पावणेतीन डेसिबेलचा फरक पडतो, आणि तो कोणालाही ऐकूं येईल. तोच अवरोध ओहमचा विसावा भाग असला तर फरक डेसिबेलच्या दहाव्या भागाएवढा राहतो. म्हणजे पुष्कळदां ज्यास आपण अॅम्प्लिफायरचा आवाज म्हणतों तो अॅम्प्लिफायर व स्पीकर यांच्या संसाराचा आवाज असतो, आणि दुकानांतील स्पीकरवर ऐकलेली गोडी घरच्या स्पीकरवर मिळेलच असा भरंवसा नसतो.

आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांत गेल्या वर्षीं हा वाद चांगलाच पेटला होता. थोरले बंधु डॉक्टर. त्यांच्या मनांत चार लाखांचें यंत्र भरलें होतें. धाकटे हिशेबनीस, त्यांचा मुद्दा असा कीं, सामाईक रकमेंतून आधीं पावसाळ्यापूर्वीं गच्ची दुरुस्त व्हावी. दुकानदारानें यंत्र चार दिवस घरीं ठेवूं दिलें. पहिल्या संध्याकाळीं सर्वांनाच, धाकट्यांनाही, नवीन यंत्र अधिक खुललेलें वाटलें. परंतु एका नातवानें मल्टिमीटर आणून, एक स्थिर नाद वाजवून, स्पीकरच्या टोकांशीं दाब मोजला. जुनें यंत्र २.८३ व्होल्ट देत होतें आणि नवें ३.१८, म्हणजे नवें सुमारें एक डेसिबेल मोठें वाजत होतें. एवढा थोडा फरक कानाला ‘मोठा’ असा वाटत नाहीं, ‘चांगला’ असा वाटतो! विक्रीच्या व्यवसायांतील ही फार जुनी मेख आहे.

दोन्हीं दाब एक टक्क्याच्या आंत जुळविल्यावर यंत्रांवर चादर घातली, नाणें उडवून क्रम ठरविला, आणि सोळा फेऱ्या झाल्या. सोळांत बारा उत्तरें बरोबर आलीं तरच तो निव्वळ योगायोग नसावा असें धरतात. कारण केवळ अंदाजानें बारा किंवा अधिक येण्याचा संभव शेंकडा चारांहूनही कमी. घरांतील आत्याबाईंनीं वीस वर्षें गाण्याची तालीम घेतली आहे. त्यांचीं नऊ बरोबर आलीं, डॉक्टरांचीं आठ. धाकटे म्हणाले, “दादा, आतां गच्चीचं बोलायचं का?” डॉक्टर कांहीं वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “गच्ची आधी करून घे. पण यंत्र मला दिसायला आवडलं आहे रे. दोन वर्षांनी माझ्या वाट्यातून घेईन.” आत्याबाई म्हणाल्या, “घे कीं. मात्र आवाजाचं नांव सांगूं नकोस.” आम्हांस हें उत्तर पसंत पडलें. घडणीसाठीं, सुबकपणासाठीं, बोटाखालीं मऊ फिरणाऱ्या गुंडीसाठीं पैसे देणें हा कांहीं अपराध नव्हे. पैठणीची किंमत ऊब किती देते यावरून कोणी करीत नाहीं.

शक्तीच्या बाबतींत मात्र जाहिरातीनें भुलूं नये. शंभर वॅटच्या ठिकाणीं दोनशें घेतले तर आवाज दुप्पट होत नाहीं, तीनच डेसिबेल वाढतो. कानाला सुमारें दुप्पट वाटण्यास शक्ति दसपट लागते. स्पीकर एका वॅटास एका मीटरवर ८७ डेसिबेल देत असेल, तर मध्यम आकाराच्या दिवाणखान्यांत ख्याल ऐकतांना बहुतेक वेळ एक-दोन वॅटच खर्च होतात. उरलेली शक्ति लागते ती पखवाजाच्या थापेसारख्या क्षणिक आघातासाठीं. त्या क्षणीं यंत्र अपुरें पडलें तर संकेताचे शेंडे छाटले जातात, आणि तो कर्कशपणा लपत नाहीं. म्हणून पन्नास ते शंभर खरे वॅट, आणि चार ओहमवरही न डगमगणारें यंत्र, एवढें पाहिलें म्हणजे बहुतेक घरांचें भागतें.

उरलेले पैसे स्पीकरवर आणि खोलीवर लावावेत, कारण तेथील भेद डोळे झाकूनही कळतात. कॅनडांतील फ्लॉइड टूल यांनीं आयुष्यभर याच विषयाचा अभ्यास केला. श्रोत्यांस स्पीकर दिसत असले म्हणजे त्यांचे अभिप्राय किती बदलतात हेंही त्यांनीं व शॉन ऑलिव्ह यांनीं १९९४ मध्यें दाखविलें. आपल्या घरांतील फरशी आणि उघड्या भिंती आवाज परत फेंकतात. पातळ सतरंजी केवळ वरचे स्वर शोषते, खालच्यांना ती अटकाव करीत नाहीं. भरलेलीं पुस्तकांचीं कपाटें, जाड पडदे, गाद्या यांचा उपयोग अधिक. आणि अब्दुल करीमखाँसाहेबांच्या (मृत्यु १९३७) जुन्या तबकड्या हेंच ज्यांचें मुख्य धन, त्यांनीं तर लाखांच्या यंत्राचा विचारच करूं नये. तें सुईची खरखर तेवढी अधिक निष्ठेनें ऐकवील.

परदेशांतील मुलगा किंवा पुतण्या येतांना यंत्र घेऊन येणार असेल, तर त्याला आधींच कळवावें कीं, मागच्या पाटीवर २३० व्होल्ट लिहिलें आहे कीं नाहीं तें पाहा. अमेरिकेंतील यंत्र १२० व्होल्टचें आणि जपानांतील १०० व्होल्टचें असतें. तें आपल्या भिंतींत सरळ खोंचलें तर पहिल्याच दिवशीं जळून जाण्याची भीति. वजनदार यंत्रासाठीं वेगळा ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो, आणि त्याची गुणगुण कधीं कधीं गाण्याच्या विलंबित लयींतही ऐकूं येते. आणि बिघडल्यास तें दुरुस्त करणारा मनुष्य आपल्या गांवांत आहे कीं मुंबईस पेटी पाठवावी लागेल, हें दुकानदारास पैसे देण्यापूर्वीं विचारावें.