श्लेंक लाइन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

टर्शरी-ब्युटिल लिथियमचे द्रावण हवेत सांडले की आपोआप पेट घेते. ग्रिन्यार अभिकारक हवेतल्या नुसत्या ओलाव्याने निकामी होतो. अशी रसायने हाताळायला प्रयोगशाळेत श्लेंक लाइन वापरतात. जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म श्लेंक (१८७९–१९४३) यांचे नाव तिला मिळाले आहे. काचेच्या दोन समांतर नळ्यांपैकी एकीत निर्वात असतो, दुसरीत नायट्रोजन किंवा आर्गॉन. स्टॉपकॉक फिरवला की फ्लास्क एका नळीऐवजी दुसरीला जोडला जातो. मांडणी सोपी असल्याने ती नीट समजून न घेताच वापरली जाते. त्यातून रुजलेल्या काही समजुती जिवावर बेतू शकतात.

गैरसमज १: पंप चालू केला की फ्लास्कमधली सगळी हवा निघून जाते.

वस्तुस्थिती: दाब ०.०१ मिलिबारपर्यंत उतरला, तरी दर घन सेंटीमीटरमागे दोनशे लाख कोटींहून अधिक रेणू उरतात. म्हणूनच हवा ओढायची आणि निष्क्रिय वायू भरायचा, असे किमान तीनदा करतात. दर फेरीत शंभरावा भाग हवा उरते असे धरले, तर तीन फेऱ्यांनंतर ती दहा लाखांत एक भाग राहते. काचेला चिकटलेला ओलावा मात्र एवढ्याने जात नाही. त्यासाठी काच ओव्हनमध्ये तापवून, गरम असतानाच जोडून निर्वातात थंड करावी लागते.

गैरसमज २: नायट्रोजन कशाशीच अभिक्रिया करत नाही, आणि आर्गॉन जड असल्याने उघड्या फ्लास्कवरही चादरीसारखा पसरून राहतो.

वस्तुस्थिती: लिथियम धातू साध्या तापमानालाही नायट्रोजनशी संयोग पावून लिथियम नायट्राइड बनवतो, तिथे आर्गॉनच हवा. आर्गॉन हवेच्या सुमारे १.४ पट जड असला, तरी वायू एकमेकांत मिसळतातच. फ्लास्क उघडताना राखण होते ती आतून बाहेर वाहत राहणाऱ्या वायूमुळे.

गैरसमज ३: द्रव नायट्रोजनचा कोल्ड ट्रॅप फक्त पंपाला वाफांपासून वाचवतो, त्यात भिण्यासारखे काही नाही.

वस्तुस्थिती: सगळ्या लाइनमध्ये सर्वांत अधिक जपावे ते याच जागी. द्रव नायट्रोजनचा उत्कलनबिंदू उणे १९६ अंश सेल्सिअस, तर ऑक्सिजनचा उणे १८३. म्हणजे थंड ट्रॅपमधून हवा ओढली गेली, तर तिच्यातला ऑक्सिजन फिकट निळा द्रव होऊन तळाशी साचतो. तिथेच सेंद्रिय द्रावकही गोठलेला असतो, आणि या दोहोंचे मिश्रण स्फोटक असते. आर्गॉन उणे १८६ अंशांना द्रवरूप होतो, म्हणून तोही ट्रॅपमध्ये साचू शकतो. बंद ट्रॅप तापला, तर त्या द्रवाचा आठशेपटीहून अधिक वायू होऊ पाहतो आणि काच फुटते. निळा द्रव दिसला तर द्रव नायट्रोजनचे भांडे (डेवार) काढू नका, ट्रॅप बंद करू नका. पंप चालू ठेवा, फ्यूम हूडची काच खाली ओढा, सगळ्यांना बाहेर काढा आणि प्रभारींना कळवा.

गैरसमज ४: धोका निर्वाताच्या बाजूला, वायूची बाजू निर्धोक.

वस्तुस्थिती: सिलिंडरमधल्या वायूला बाहेर पडायला वाट नसेल, तर काच फुटते किंवा बूच उडते. ही वाट म्हणजे तेलाचा बबलर. तो बुडबुडतो आहे की नाही, हे सतत पाहावे.

गैरसमज ५: लाइन उत्तम असली की कोट नसला तरी चालते.

वस्तुस्थिती: डिसेंबर २००८ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका विद्यापीठात एक तरुण संशोधक प्लास्टिकच्या सिरिंजने टर्शरी-ब्युटिल लिथियम घेत होती. दट्ट्या निसटला, द्रावणाने पेट घेतला. अंगात प्रयोगशाळेचा कोट नव्हता. अठरा दिवसांनी तिचा मृत्यू झाला.

म्हणून नव्याने लाइनवर उभे राहणाऱ्यांना कळकळीची विनंती: चष्मा आणि न पेटणारा कोट घाला, पहिला सराव निरुपद्रवी द्रावकावर करा, आणि हवेत पेटणारे रसायन एकट्याने कधीही हाताळू नका.