पंप बंद पडला तरी तगणारा गुरामी

घरात पहिलीच काचेची टाकी आणायची असेल, तर माझं मत निळ्या गुरामीला. आग्नेय आशियातल्या भातखाचरांत आणि दलदलीत वाढलेला हा मासा. तिथलं पाणी कोमट, साचलेलं आणि त्यात प्राणवायू जेमतेम. नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही, म्हणून कल्ल्यांच्या वरच त्याला पातळ हाडांच्या घड्यांचा एक कप्पा असतो, त्यावर रक्तवाहिन्यांचं दाट जाळं. मासा वर येतो, तोंडाने हवेचा घोट घेतो आणि त्यातला प्राणवायू या जाळ्यातून थेट रक्तात जातो. टाकीसमोर थोडा वेळ बसलात, तर हे सहज दिसतं. फायटर माशाचीही हीच सोय. वीज जाऊन पंप बंद पडला, तरी गुरामी तग धरतो तो यामुळे. मात्र टाकी झाकणापर्यंत भरू नका. वर हवा मिळाली नाही, तर हाच मासा गुदमरतो.

अमोनियापुढे मात्र गुरामीचाही निभाव लागत नाही, आणि नव्या टाकीतले मासे दगावतात ते बहुधा त्यानेच. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात, कुजणारं खाद्य त्यात भर घालतं. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच सौम्य नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये रुजायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. तोवर मासे कमी ठेवा, खाद्य चिमूटभरच टाका. आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने ते जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळून घ्या.